रोमच्या चाळी, उंब्रियातलं शेत आणि शेवटचे सहा किलोमीटर

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा : “२०१८ मध्ये टूर कंपनीबरोबर बारा दिवसांत सात देश केले. आता फक्त इटली, ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवस. मी, नवरा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. गर्दीपासून जरा बाजूला, तिथलीच माणसं राहतात अशा वस्तीत राहायचंय आणि काही दिवस एखाद्या शेतावर. कुठे राहावं, आणि गाडी चालवावीच लागेल का?”

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची सगळी आखणी त्यावरच उभी राहते. शेतावरचा मुक्काम ठरवताना लोक फोटो बघतात, नाश्ता बघतात, खिडकीतून दिसणारी सायप्रसच्या झाडांची रांग बघतात. रेल्वे स्टेशनपासून त्या दारापर्यंतचे शेवटचे सहा किलोमीटर कुणी बघत नाही. मीही बघितले नव्हते. चौदा वर्षांपूर्वी, इटालियन शिकवायला लागून जेमतेम दोन वर्षं झाली असताना, पुण्याच्या चौघीजणींना घेऊन मी मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातल्या एका शेतावर निघाले. यजमानांनी ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं कळवलं होतं. ती गाडीने दहा मिनिटं होती. त्यात रविवार. स्टेशनवर कुलूप लावलेली तिकीटखिडकी आणि एक मांजर. टॅक्सी नाही, बस नाही. डांबरी रस्ता संपून खडीचा पांढरा रस्ता लागला, आणि दोन बॅगांची चाकं तिथेच राहिली. त्यातल्या एक काकू अजूनही भेटल्या की आधी चाकांचे पैसे मागतात.

तेव्हापासून पहिला नियम : खेड्यात रविवारी पोहोचायचं नाही. दुसरा, बसचं वेळापत्रक नीट वाचायला शिकायचं. इटलीत ‘फेरियाले’ हा शब्द दिसला की आपल्याला सुट्टी आठवते, पण त्याचा अर्थ उलटा आहे : कामाचा दिवस, शनिवारसकट. सुट्टीचा दिवस तो ‘फेस्तीवो’. आणि बऱ्याच फेऱ्यांपुढे ‘स्कोलास्तिको’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ती बस शाळा चालू असेल तेव्हाच धावते. जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत शाळा बंद असतात, त्यामुळे ऐन पर्यटनाच्या हंगामातच त्या बस गायब असतात. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाताय, म्हणजे शाळेच्या पोरांबरोबर का होईना, बसायला मिळेल.

गाडी चालवावीच लागते असं नाही. चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. आणि मूळ लायसनही जवळ ठेवा. गाडी रोममध्ये घेऊ नका. शेतावरच्या दिवसांपुरती, उंब्रियातल्या पेरुजासारख्या ठिकाणी घ्या, आणि गिअर नसलेली हवी असेल तर खूप आधी सांगा. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. डोकेदुखी वेगळीच आहे. जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेडटीएल’ असा फलक असतो : तिथे ठरावीक वेळात रहिवाशांच्याच गाड्यांना प्रवेश. कुणी अडवत नाही, शिट्टी वाजवत नाही, कॅमेरा फक्त नंबर टिपून घेतो. काही महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर दंड येतो, आणि तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल भाड्याच्या गाडीवाले वेगळी फी कापतात ती निराळीच. एकाच वेशीतून दोनदा आत-बाहेर केलं तर दोन दंड. गाडी वेशीबाहेरच्या वाहनतळावर लावा आणि चालत आत जा, यात वाद नको.

आता रोम. तुम्हाला मी गार्बातेल्लात राहा म्हणेन. कलोसिअमपासून मेट्रोच्या ‘बी’ लाइनवर तिसरं स्टेशन. टूरवाले तिथे बस नेत नाहीत, कारण उतरवून दाखवण्यासारखं एकही ‘स्थळ’ नाही. १८ फेब्रुवारी १९२० रोजी राजा तिसरा व्हित्तोरिओ इमानुएले याच्या हस्ते या वस्तीची कोनशिला बसली. जवळच्या ओस्तिएन्से भागात कारखाने होते, तिथून समुद्रापर्यंत कालवा आणि नदीवरचं बंदर करायचा बेत होता. तिथल्या कामगारांसाठी ही घरं. कालवा झाला नाही, वस्ती राहिली. नेमक्या त्याच दशकात मुंबईत वरळी-नायगावला बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या, हे तिथे फिरताना माझ्या डोक्यातून जात नाही. दोन्हीकडे सरकारने कामगारांसाठी बांधलेली घरं. आपल्याकडे एकसारख्या इमारतींच्या रांगा आणि लांब व्हरांडे. तिकडे इंग्लंडमधल्या उद्याननगरांच्या कल्पनेवरून आखलेले ‘लोत्ती’, म्हणजे घरांचे गट. प्रत्येक गटाच्या पोटात सामायिक बाग, कमानी, बाहेरून वर जाणारे जिने, आणि मधोमध कपडे वाळत घालायच्या सामायिक तारा. मुसोलिनीच्या काळात जुन्या रोममधली घरं पाडून रुंद रस्ते काढले, तेव्हा बेघर झालेल्या अनेक कुटुंबांना इथल्याच मोठ्या वसतिगृहासारख्या इमारतींमध्ये आणून ठेवलं. म्हणून या वस्तीचा बाणा अजून थोडा तिखट आहे.

या अंगणांमधून जाता येतं, फाटकं बहुधा उघडी असतात. पण ते कुणाचं तरी अंगण आहे. गिरगावातल्या चाळीत कुणी परदेशी माणूस शिरून दोरीवरच्या परकरांचे फोटो काढायला लागला तर आपल्याला जसं वाटेल तसंच त्यांना वाटतं. समोर कुणी आलं की ‘ब्वोन जोर्नो’ म्हणा, कॅमेरा खाली ठेवा, आणि दुपारी दोन ते चार तिकडे फिरकू नका. सासूबाई पुढे असतील तर निम्मं काम आपोआप होतं. माझ्या गटातल्या एका आजींना तिथल्या बाईंनी तुळशीची कुंडी दाखवायला आत बोलावलं होतं; ती आपली तुळस नव्हती, त्यांची स्वयंपाकातली बाझिलिको, पण दोघी वीस मिनिटं आपापल्या भाषेत बोलत होत्या.

पायी जाण्यासारख्या अंतरावर, व्हिआ ओस्तिएन्सेवर ‘चेंत्राले मोंतेमार्तिनी’ आहे. १९१२ मध्ये सुरू झालेलं हे वीजकेंद्र बंद पडल्यावर १९९७ मध्ये कापितोलिन संग्रहालयातल्या प्राचीन मूर्ती तिथे आणून ठेवल्या. काळ्याकभिन्न डिझेल इंजिनांपुढे पांढरी संगमरवरी अथेना उभी. व्हॅटिकनच्या रांगेत तीन तास काढण्यापेक्षा सासूबाईंना हे दाखवा. बसायला बाकं आहेत आणि गर्दी नसते.

एक मेट्रो स्टेशन अलीकडे, पिरामिदेला उतरलात की तेस्ताच्चो. तिथली सुमारे पस्तीस मीटरची टेकडी नुसत्या फुटक्या रांजणांची आहे. रोमन काळात आंदालुसिया आणि आफ्रिकेहून ऑलिव्हचं तेल ज्या मातीच्या रांजणांतून यायचं, ते रिकामे झाले की फोडून इथे रचत गेले. खापरांच्या टेकडीला गवत उगवलंय, आणि पायथ्याला खोदलेली तळघरं आजही थंड राहतात. शेजारी जुना कत्तलखाना, १८९१ मध्ये पुरा झालेला आणि १९७५ मध्ये बंद पडलेला. कामगारांच्या मजुरीचा काही भाग आतड्या-काळजाच्या रूपात द्यायचे, त्यातून रोमचा ‘पाचवा पाव हिस्सा’ नावाचा स्वयंपाक जन्मला. हे सासूबाईंना जेवणाआधी सांगू नका. समोरची मंडई मात्र सकाळी जरूर बघा. रविवारी ती बंद.

“अशी वस्ती दुसऱ्या शहरात कशी ओळखायची?” असं मला नेहमी विचारतात. ‘लपलेलं रत्न’ वगैरे सांगणाऱ्या याद्या मी वाचत नाही; ज्या गल्लीवर अशी यादी निघते तिथली घरं पुढच्या दोन वर्षांत भाड्याच्या खोल्या झालेल्या असतात. मी नकाशा उघडते आणि ‘फेर्रामेंता’ शोधते, म्हणजे खिळे-स्क्रू-नळाच्या वायसर मिळणारं दुकान. मग प्राथमिक शाळा, औषधाचं दुकान, धोब्याचं दुकान. चारही दहा मिनिटांच्या चालीत असली तर तिथे माणसं राहतात. नुसती आइस्क्रीमची दुकानं आणि सामान ठेवायची लॉकर असली तर ती वस्ती उरलेली नाही, तिचं नाव कितीही जुनं असो.

खोली घेताना दोन गोष्टी बघा. जाहिरातीत ‘सीआयएन’ हा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक हवा. २०२५ पासून तो दाखवणं बंधनकारक आहे, नसेल तर सोडून द्या. आणि लिफ्ट आहे का हे लेखी विचारा. गार्बातेल्लातल्या जुन्या घरांना जिनेच आहेत. आल्या आल्या मालकाने पासपोर्ट मागितला तर घाबरू नका, पाहुण्यांची नोंद चोवीस तासांत पोलिसांकडे करणं त्याला भाग असतं. शहराचा मुक्काम-करही माणशी, रोजचा, बहुतेक वेळा तिथेच भरावा लागतो.

शेतावरच्या मुक्कामाला तिकडे ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात, आणि तो शब्द कुणालाही वापरता येत नाही. १९८५ मध्ये त्यासाठी कायदा झाला, २००६ मध्ये तो नव्याने आला. त्याचा गाभा असा की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. आणि जेवणात स्वतःच्या शेतातलं आणि आसपासचंच प्रामुख्याने वाढायचं. यामागचं कारण आपल्याला चटकन कळेल : युद्धानंतर खेड्यांतली तरुण पोरं कारखान्यांकडे गेली, डोंगरातली घरं ओस पडायला लागली, आणि शेतकऱ्याला गावात टिकवायला दुसरं उत्पन्न हवं होतं. आज असे पंचवीस हजारांवर मुक्काम आहेत. आपल्याकडच्या हुरडा पार्टीशी तुलना करायची तर फरक इतकाच, की तिकडे पाहुण्यांसाठी बैलगाडी जुंपत नाहीत. ट्रॅक्टर सकाळी सहाला सुरू होतो, कारण त्याला काम असतं, आणि तुम्ही सुट्टीवर आहात याच्याशी त्याचा संबंध नसतो.

पण कायदा असला तरी सोंगं असतातच. पोहण्याचा तलाव, लग्नाचा मांडव आणि शोभेला चार ऑलिव्हची झाडं, अशीही ‘शेतं’ मी पाहिली आहेत. म्हणून पत्रात एकच प्रश्न विचारा : “ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात शेतात काय काम चालू असेल?” खरा शेतकरी लांबलचक उत्तर देतो. सोंगाड्या तलावाच्या तापमानाबद्दल लिहितो.

तुम्हाला मी उंब्रियातलं स्पेल्लो सुचवते. रोमहून फोलिन्योला थेट गाड्या आहेत, तिथून पुढचंच स्टेशन. गावाची रोमन वेस स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं, मात्र आत शिरल्यावर चढ आहे. असीसीचं स्टेशन गावापासून चारेक किलोमीटर खाली मैदानात आहे, तसं इथे नाही. असीसी ते स्पोलेतो या डोंगरउतारावरच्या ऑलिव्हच्या पट्ट्याला एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने, २०१८ मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. दगडी बांध घालून केलेली ही शेती बघताना जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली ताली आठवतात. स्पेल्लोहून कोल्लेपीनोकडे जुन्या रोमन पाटाच्या कडेने जाणारी पायवाट आहे, बरीचशी सपाट. सासूबाई निम्म्यापर्यंत सहज येतील. स्पेल्लोत जूनच्या आसपास, कोर्पुस दोमिनी या ख्रिस्ती सणाच्या रविवारी, रात्रभर बसून रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात. तुम्हाला ते मिळणार नाही, पण रांगोळीवर जीव असलेल्या कुणाला जायचं असेल तर त्याने तारीख त्यावरच बेतावी.

तुमच्या वाट्याला त्याहून चांगलं काही आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून तिथे ऑलिव्हची तोडणी सुरू होते. झाडाखाली जाळी पसरतात, फांद्या विंचरल्यासारख्या झोडतात, आणि फळं त्याच दिवशी घाण्यावर जातात, कारण ठेवली तर आंबतात. ‘फ्रांतोइओ’ म्हणजे तेलाचा घाणा. हंगामात तो रात्रीही चालू असतो. भाजलेल्या पावावर त्याच दिवशीचं हिरवं तेल घालून देतात. ते कडू लागतं आणि घशात मिरीसारखं झोंबतं. खोकला आला तर घाणेवाला खूश होतो. तेल चांगलं असल्याची ती पावती. म्हणून तुमच्या तारखा ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या असतील तर पंधरा दिवस पुढे ढकला. सुरुवातीला जाण्यात आणखी एक तोटा आहे, जो फोटोत दिसत नाही : इटलीत घरं तापवायच्या तारखा हवामानाच्या पट्ट्यांनुसार सरकार ठरवून देतं, आणि त्या भागात त्या ऑक्टोबरच्या मध्याआधी सुरू होत नाहीत. दगडी घरात त्याआधीच्या एखाद्या पावसाळी रात्री मी दोन स्वेटर घालून झोपले आहे.

जेवण. शेतावर संध्याकाळी जे शिजेल तेच सगळ्यांना, म्हणून आदल्या दिवशी सांगणं गरजेचं. ‘शाकाहारी’ एवढाच शब्द पुरत नाही. “मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचं पाणी नाही,” असं चारही बोला : निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते उओवा, निएन्ते ब्रोदो दी कार्ने. सूपमध्ये डुकराच्या मांसाचा एक तुकडा स्वादासाठी टाकणं हे त्यांच्या लेखी मांसाहारात मोडतच नाही, फोडणीत हिंग टाकल्यासारखं आहे ते. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, वाळवलेल्या पास्त्यात सहसा नसतं. उंब्रियाचा जाडसर ‘स्त्रांगोत्सी’ बहुतेक घरी पीठ आणि पाण्याचाच करतात, तरी विचारा. परमेसान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने बनतं. सासूबाईंना याचं पथ्य असेल तर किसणी ताटाजवळ येण्याआधी हात आडवा करायला शिकवा.

बाकी उंब्रियात त्यांची आबाळ होणार नाही. मसूर, हरभरा, पावटे आणि फार्रो नावाचा जुना गहू यांची पातळ भाजी-आमटी रोजची. ‘चिचेर्किया’ नावाची डाळ समोर आली तर ती ओळखीची वाटेल. विदर्भातली लाखोळी तीच. ‘तोर्ता अल तेस्तो’ ही जाड तव्यावरची भाकरीसारखी रोटी पालेभाजीबरोबर मिळते. कणकेत डुकराची चरबी, म्हणजे ‘स्त्रुत्तो’, घातली आहे का तेवढं विचारायचं.

गाडी चालवायची भीती जात नसेल आणि तरी शेतावर जास्त दिवस हवे असतील, तर उत्तरेला दक्षिण तिरोल आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा ऑस्ट्रियाचा भाग, म्हणून पाट्या जर्मन आणि इटालियन दोन्हीत. एकाच स्टेशनला ब्रिक्सेन आणि ब्रेस्सानोने अशी दोन नावं बघून गोंधळू नका. बऱ्याच मुक्कामांवर पाहुण्यांना बस-रेल्वेचा पास मिळतो, आणि बस खरोखर डोंगरातल्या शेतापर्यंत जातात. ऑक्टोबरमध्ये सफरचंदं उतरवणं आणि भाजलेली चेस्टनट. पण तिथल्या जेवणात अंडं आणि डुकराचं मांस पदोपदी आहे. करंजीच्या आकाराच्या पालक भरलेल्या श्लुट्सक्राप्फेन बघून सासूबाईंचा हात पुढे जाईल, आणि पारीत बहुधा अंडं निघेल. त्यांच्यासाठी मी ते टाळेन.

तर माझी वाटणी : रोममध्ये सहा रात्री, स्पेल्लोजवळ सात, परतीच्या विमानाआधी पुन्हा रोमला एक. बस्स. दोन ठिकाणं पंधरा दिवसांना कमी वाटतात, मला माहीत आहे. सात देशांच्या सहलीनंतर तर फारच. पण शेतावर पहिले दोन दिवस तुम्ही पाहुणेच असता. तिसऱ्या दिवशी कुत्रं भुंकायचं थांबतं, चौथ्या दिवशी यजमानीण बाजाराला जाताना “येताय का?” विचारते. तीन रात्रींत हे होत नाही. उंब्रियातल्या आमच्या नेहमीच्या शेतावर ऑक्टोबरमध्ये नाश्त्यासह दोघांच्या खोलीला साधारण ८० ते १२० युरो पडतात, रात्रीचं जेवण माणशी २५-३५ युरो.

व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो, आणि शेतकरी मंडळी इथेच ढिली पडतात. त्यांच्याकडून तिघांची पासपोर्टवरची नावं, तारखा, पूर्ण पत्ता आणि नोंदणी क्रमांक असलेलं पत्र मागून घ्या. “ओके, तुम्ही या” एवढ्या ईमेलवर भागत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ऑक्टोबरसाठी जुलैत करून टाका.

शेतावर जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं, असं सासूबाई विचारतीलच. पेढे, तूप, पनीर बॅगेत घालू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. कढीपत्ता आणि बहुतेक ताजी फळंही नाहीत. तिळाची चिक्की न्या. आणि यजमानिणीची ओटी भरायचीच म्हणाल्या, तर ज्या पाच फळांना प्रमाणपत्राशिवाय परवानगी आहे त्यांत अननस, केळी, खजूर आणि ड्युरियनच्या जोडीला नारळ आहे.